शून्य करण्यापूर्वी

उंबरघळच्या दूध केंद्रातून आलेली तक्रार इतकी साधी होती, की भालचंद्र कासार तिला दोन ओळींचं उत्तर देऊन चहा टाकायला उठणार होते.

'कानोसावाल्यांना नमस्कार,' असं तिची सुरुवात होती. 'यंत्र चांगलं चाललं आहे. एकच अडचण आहे. शून्य करू का, असं ते विचारतं आणि आम्ही हो म्हणतो. आधी महिन्याकाठी विचारायचं, मग आठवड्याला. गेला पंधरवडा रोज विचारत होतं आणि आता तीन दिवस सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा विचारतं. दूध घालायच्या वेळेला गर्दी असते, हात गुंतलेले असतात. दिवसातून एकदाच विचारेल असं करता येईल का? सुनंदा पार्टे, दूध संकलन केंद्र.'

'आपली सूचना मिळाली,' एवढं लिहून भालचंद्र थांबले. छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितं तपासल्यामुळे त्यांना एक खोड लागली होती. कुठलाही मजकूर ते दोनदा वाचत. पहिल्यांदा अर्थासाठी, आणि दुसऱ्यांदा शब्दाखाली बोट धरून, जणू काही कळतच नाही अशा माणसासारखा. दुसऱ्या वाचनात त्यांचं बोट 'दोन्ही वेळा' या शब्दांपाशी अडलं आणि तिथून हलेना.

'कानोसा' म्हणजे काय, हे आता डोंगरातल्या बहुतेक गावांना ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी फोनचा सगळा कारभार उपग्रहांवर गेला आणि कंपन्यांनी जमिनीत पुरलेल्या काचेच्या तारा तशाच सोडून दिल्या. केसाएवढी बारीक काच, पण रस्त्यांच्या कडेनं, घाटांमधून, डोंगरांच्या कुशीतून शेकडो मैल गेलेली. अशा तारेत एका टोकानं प्रकाश सोडला, तर काचेतल्या सूक्ष्म दोषांवर आपटून त्यातला थोडा परत येतो. जमीन कुठं जरा ताणली, तर तिथली काचही ताणते आणि परत येणारा प्रकाश बदलतो. त्या बदलावरून, कुठल्या मीटरवर किती ताण पडला, हे सांगता येतं. डोंगर एका दिवसात कोसळत नाही. कोसळण्याआधी तो महिनोन् महिने मुंगीच्या पावलानं सरकत असतो. ते सरकणं ऐकणारा प्रोग्राम म्हणजे 'कानोसा'. तो कुणाच्या मालकीचा नव्हता. कुणीही फुकट वापरावा, कुणीही उघडून बघावा आणि जमलं तर दुरुस्त करावा. जगभरचे दीड-दोनशे लोक फावल्या वेळात तो सांभाळत होते.

त्यातले एक भालचंद्र होते, हे त्यांना स्वतःलाही खरं वाटत नसे. वय एकाहत्तर, साताऱ्यात दोन खोल्या, त्यातली एक पुस्तकांनी भरलेली. चार वर्षांपूर्वी 'कानोसा'च्या सूचना मराठीत आणायला माणसं हवीत असं त्यांनी वाचलं. छापखान्यात त्यांच्या वाट्याला कादंबऱ्या कमी आणि पंपांच्या, फवारणी यंत्रांच्या माहितीपुस्तिका जास्त आल्या होत्या. हे काम त्या जातीचं होतं. तीस सूचना मराठीत करून त्यांनी भीतभीत पाठवल्या, खाली 'भा. का.' एवढंच लिहून. दर गुरुवारच्या बैठकीत ते कॅमेरा आणि आवाज दोन्ही बंद ठेवून बसत. तिथली मंडळी त्यांना 'भाका' म्हणत आणि कॉलेजातला एखादा लाजरा मुलगा समजत. "भाका, यंदा शेवटचं वर्ष का रे?" असं एकदा कुणीतरी विचारलं होतं. 'हो, जवळजवळ शेवटचंच,' असं त्यांनी लिहून पाठवलं होतं.

आता मात्र त्यांनी कागद घेतला आणि आकडे मांडले. जमीन आपल्या मूळ जागेपासून दोन मिलिमीटर सरकली की यंत्र शून्याचा प्रश्न विचारत असे. कारण उन्हाळ्यात तार तापून लांबते आणि जमीन न हलताही आकडा वाढतो, तेव्हा वर्षातून एखादवेळी मोजणी नव्यानं सुरू करावी लागते. पण महिन्याला एकदा, मग आठवड्याला, मग रोज, मग दिवसातून दोनदा. दर 'हो'मागे दोन मिलिमीटर. ही तार तापलेली नव्हती. भाद्रपद चालू होता.

त्या प्रश्नाचं वाक्य भालचंद्रांनीच मराठीत आणलं होतं. 'आधाररेषा मर्यादेबाहेर गेली आहे. शून्य करू का? हो / नाही.' त्यांना तो दिवस स्पष्ट आठवला. छापखान्यात लेखकाच्या वाक्याला हात लावायचा नाही असा दंडक असे. शंका आली तर शेजारी समासात पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढायचं. या वाक्याशेजारी त्यांनी शंका लिहिलीही होती, 'शून्य केल्यावर आधीचं कुठं जातं?' मग ती पुन्हा वाचली आणि खोडली. एवढे मोठे शास्त्रज्ञ, त्यांनी हा विचार केला नसेल का? आपलं अज्ञान कशाला उघडं पाडा.

चहा राहिला. त्यांनी मृण्मयी ताम्हनकर यांना लिहायला घेतलं. मृण्मयी पुण्यात भूगर्भशास्त्र शिकवत आणि 'कानोसा'च्या महाराष्ट्रातल्या साठ गावांचं काम बघत. भालचंद्रांनी चार परिच्छेद लिहिले, तीन खोडले. उरलेल्या परिच्छेदातही 'कदाचित' हा शब्द पाच वेळा आला होता. तेव्हा त्यांनी सगळं पुसलं आणि चार वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. फोन लावला.

"मी भाका बोलतोय."

"भाका? आवाज बसलाय का रे तुझा?"

"नाही, असाच आहे. मी एकाहत्तर वर्षांचा आहे."

"अरे देवा. आणि मागच्या महिन्यात मी तुम्हाला परीक्षेसाठी शुभेच्छा दिल्या."

"त्या उपयोगी पडल्या. रक्ताची तपासणी होती." एवढं बोलून त्यांना धीर आला. "उंबरघळबद्दल बोलायचं होतं. माझं चुकतही असेल."

"उंबरघळ तर आपल्या नकाशावरचा सगळ्यात हिरवा ठिपका आहे, काका. चौदा महिने रेषा सपाट आहे."

"ती सपाट आहे, कारण ती पुसली जाते," भालचंद्र म्हणाले आणि त्यांनी सुनंदाबाईंची तक्रार वाचून दाखवली. 'दोन्ही वेळा' हे शब्द त्यांनी दोनदा वाचले.

मृण्मयींनी यंत्राची नोंदवही उघडल्याचं त्यांना बोटांच्या आवाजावरून कळलं. दर वेळी शून्य केल्याची नोंद तिथं होती. बघायला मात्र कुणी गेलं नव्हतं, कारण ठिपका हिरवा होता.

"त्रेचाळीस वेळा," त्या हळूच म्हणाल्या. "शहाऐंशी मिलिमीटर, काका. आणि वेग वाढतोय. पण हे आपण लिहिलं होतं ना? माहितीपुस्तिकेत, पान चौऱ्याऐंशी. तज्ज्ञाला विचारल्याशिवाय शून्य करू नये."

"पान चौऱ्याऐंशी अजून मराठीत झालेलं नाही. ते माझ्याकडेच आहे. मी त्र्याहत्तरपर्यंत आलोय."

"मी तालुक्याला कळवते," त्या म्हणाल्या. "माणसं निघतील, पण पोचायला त्यांना उद्या उजाडेल. तोवर वरची आळी रिकामी व्हायला हवी. तिथं चौदा घरं आहेत. गावाला सांगायला कुणीतरी हवं, आणि त्या बाई तुम्हाला लिहितात."

"त्या 'कानोसावाल्यांना' लिहितात."

"मग ते तुम्हीच आहात."

भालचंद्रांनी केंद्रात फोन लावला. आता शून्य विचारलं तर नाही म्हणा, एवढं त्यांनी सांगितलं. "का वो? यंत्र बिघडलं का?" असं सुनंदाबाईंनी विचारल्यावर त्यांना वाक्यच सुचेना. "मी येतो," ते म्हणाले. एवढ्यासाठी साताऱ्याहून येणारा हा कोण, असा विचार सुनंदाबाईंनी केला असणार. पण त्या म्हणाल्या, "या. दुधाच्या आधी या, मग मला बोलायला सवड न्हाई."

दीडच्या बसनं ते फाट्यापर्यंत गेले आणि तिथून रिकामे कॅन घेऊन वर निघालेल्या टेम्पोत बसले. चार वाजता केंद्रासमोर उतरले, तेव्हा रस्ताभर पाठ केलेली चारही वाक्यं ते विसरले होते.

केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली. आत 'कानोसा'ची राखाडी पेटी भिंतीवर, कारण गावात वीज आणि माणूस दोन्ही हमखास असायची ती एवढीच जागा. पुढे ओट्यावर इलेक्ट्रॉनिक काटा, त्याचे आकडे बाहेरच्या बाजूला तोंड करून. सुनंदा पार्टे पन्नाशीच्या होत्या, पदर खोचलेला, चष्मा दोरीला. त्यांनी आधी पाहुण्याला स्टूल दिलं, मग पाणी दिलं, मग विचारलं.

"सांगा. काय झालं?"

भालचंद्रांनी सांगितलं. वाक्यं मागंपुढं झाली, पण सांगितलं. तार, दोन मिलिमीटर, त्रेचाळीस वेळा. सुनंदाबाई ऐकता ऐकता काट्याच्या ताटलीवरून फडकं फिरवत होत्या. फडकं थांबलं.

"म्हंजे मी पुसलं."

"तुम्ही नाही. वाक्य माझं होतं."

"पण हो मी म्हणले की." त्या काट्याकडे बघत बोलल्या. "माझ्याआधी हितं एक जण होता. त्याचा काटा कधी शून्यावर नसायचा, शंभर-दीडशे ग्रॅम आधीच खाऊन बसलेला. मी आले त्या दिवसापास्नं माझा नेम हाय. दर कॅनाआधी मोठ्यांदा म्हणायचं, शून्य बघा. घालणाऱ्यानं म्हणायचं, बघितलं. मग दूध ओतायचं. अकरा वर्षं झाली. तुमच्या यंत्रानं इचारलं शून्य करू का, तर मी न्हाई कशाला म्हणू? मला वाटलं, आपल्यासारखंच सरळ यंत्र हाय."

भालचंद्रांना एकदम सगळं उमगलं. या बाईंनी हयगय केली नव्हती. त्यांनी सचोटी पाळली होती, त्रेचाळीस वेळा. चुकीचं उत्तर द्यायला दुसरं कुणी इतक्या नेमानं आलंच नसतं.

"प्रश्नच आंधळा होता," ते म्हणाले. "मला शंका आली होती. मी ती खोडली."

"का?"

"हसतील म्हणून."

सुनंदाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "आता मला हसतील," त्या म्हणाल्या. "दुसरं काय. रोज मीच सांगते वरच्या आळीला, डोंगर हिरवा हाय, निवांत झोपा."

"मी सांगतो त्यांना. चूक माझी आहे असंच सांगतो."

"तुमाला कोण वळखतं हितं?"

पाच वाजता माणसं येऊ लागली. वरच्या आळीतले तात्या शेलार आधी आले. त्यांचं घर सगळ्यात वर, कड्याच्या पायाशी. सुनंदाबाईंनी कुणाचंही दूध न घेता सगळ्यांना थांबवून घेतलं आणि पंचवीस-तीस माणसं जमल्यावर पाहुण्यांना पुढे केलं. भालचंद्र बोलले. त्यांचा आवाज तिसऱ्या ओळीपर्यंतही पोचला नाही.

"यंत्र म्हणतंय हिरवं," तात्या म्हणाले, "आणि हे पांढऱ्या केसाचे पावणे म्हणत्यात लाल. आमी कुठला रंग धरायचा?"

लोक हसले. भालचंद्रांची कानशिलं तापली. आधाररेषा म्हणजे काय, मोजणी कुठून सुरू होते, हे ते पुन्हा सांगू लागले आणि आपण पुस्तकातलं पान वाचतो आहोत हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

"थांबा, काका," सुनंदाबाई म्हणाल्या. "तात्या, कॅन आणा तुमचा."

तात्यांनी भरलेला कॅन काट्यावर ठेवला. आकडा वर चढला, अकरा किलो चारशे. सुनंदाबाईंनी सगळ्यांना तो बघू दिला. मग कॅन तसाच काट्यावर ठेवून त्यांनी बटण दाबलं.

काट्यावर शून्य आलं.

"शून्य बघा," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या.

कुणी 'बघितलं' म्हणेना.

"तात्या, आज तुमचं दूध शून्य. लिहू?"

"आगं, लिहू काय? कॅन भरलेला हाय माझा."

"काटा तर शून्य दाखवतोय. दूध गेलं कुठं?"

"कुठं जातंय? कॅनातच हाय की."

"मग डोंगराचंबी तसंच हाय," सुनंदाबाई म्हणाल्या. "तो सरकत होता आणि मी बटण दाबत होते. चौदा महिने. त्रेचाळीस बारी. कुणी मुद्दाम केलेलं न्हाई, कुणी लपवलेलं न्हाई. माझ्याच हातानं झालंय. हिरवा दिवा त्या बटणाचाच हाय. ज्याला मला बोलायचं त्यानं उद्या बोलावं. आज गुरं सोडा आणि खाली या."

तात्यांनी वाकून कॅन उचलला. काट्यावर आकडा उलटा पडला, उणे अकरा किलो चारशे.

"एवढं सरकलंय व्हय," ते स्वतःशीच म्हणाले, आणि कॅन तिथंच ठेवून वर निघाले.

अंधार पडायच्या आत चौदा घरं शाळेत आली. गुरं पेंडीच्या गोदामात बांधली. भालचंद्रांनी कुणाची तरी टीव्हीची पेटी उचलली, ती त्यांच्याकडून काढून घेऊन त्यांच्या हातात एक घड्याळ दिलं गेलं. शून्य पुसून मूळ आकडे पुन्हा मांडायला मृण्मयींना तासभर लागला. साडेसात वाजता भिंतीवरच्या पेटीचा दिवा हिरव्याचा लाल झाला. सुनंदाबाई त्याच्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी हळूच चष्मा लावला आणि नवा आकडा वाचला.

तालुक्याची माणसं सकाळी आली आणि त्यांनी कड्याला पडलेल्या भेगा मोजल्या. चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला डोंगराचा तो भाग खाली आला. नऊ घरं गेली. आत कुणी नव्हतं. तात्यांची एक कोंबडी सापडत नव्हती, ती दोन दिवसांनी आपण होऊन शाळेच्या व्हरांड्यात आली. घरं गेलेल्यांची रड होतीच, आणि ती पुढं कितीतरी महिने चालणार होती. पण शाळेच्या पटावर जेवढी माणसं उतरली होती, तेवढी सगळी त्या सकाळी मोजता आली.

सुनंदाबाईंना कुणी बोललं की नाही, हे भालचंद्रांनी फोनवर विचारलं नाही. बाईंनीच आपण होऊन सांगितलं. आळी रिकामी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तात्या दूध घेऊन आले. बाईंनी जरा अडखळतच म्हटलं, शून्य बघा. तात्यांनी आधी वाकून काट्याची ताटली बघितली, मग आकडा बघितला आणि म्हणाले, "बघितलं. वरचंबी आणि खालचंबी." तेव्हापासून सगळं गाव तसंच म्हणतं.

गुरुवारच्या बैठकीत भालचंद्रांनी कॅमेरा चालू केला. मागं पुस्तकांचं कपाट आणि पुढं इस्त्रीचा शर्ट घातलेला म्हातारा सतरा देशांतल्या माणसांना दिसला. त्यांनी नवी सूचना वाचून दाखवली.

'जमीन आणखी दोन मिलिमीटर सरकली आहे. आतापर्यंत एकूण इतकी. शून्य केलंत तर आकडा जाईल, सरकणं तसंच राहील. शून्य करण्यापूर्वी या नंबरवर बोला.'

"छान आहे," एक जण म्हणाला, "पण लांब आहे. आपल्या चौकटीत दोनच ओळी बसतात."

भालचंद्रांनी घसा साफ केला. अशा वेळी ते एरवी मजकूर कापत. अडतीस वर्षं कापत आले होते.

"मग चौकट मोठी करा," ते म्हणाले.

चौकट मोठी झाली. ती सूचना अठ्ठावीस भाषांत गेली आणि माहितीपुस्तिकेत पान चौऱ्याऐंशीवरचा मजकूर पहिल्या पानावर आला. त्याच्या शेजारी एक चित्र काढलं, काट्यावर भरलेला कॅन आणि आकड्यांच्या जागी शून्य. चित्राखाली कल्पना कुणाची ते लिहायची पद्धत होती. तिथं 'सुनंदा पार्टे, उंबरघळ' असं लिहिलं गेलं. बाईंनी ते छापून केंद्रात लावलं आणि कळवलं, 'आता नीट आहे. दिवसातून दोनदा विचारलं तरी चालेल.'

उरलेल्या चारशे सूचना भालचंद्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसले, शब्दाखाली बोट धरून. त्यांना सदतीस ठिकाणी शंका आली. सदतीसही समासात लिहिल्या आणि एकही खोडली नाही. त्यांतल्या एकतीस अगदीच बिनबुडाच्या निघाल्या, तसं त्यांना स्पष्ट सांगण्यात आलं आणि त्यांची झोप काही उडाली नाही. उरलेल्या सहांवर मृण्मयी अजून काम करत आहेत.

दिवाळीच्या सुमाराला पेरू देशातल्या एका डोंगरी गावातून एका बाईंचं पत्र आलं. पहिलं पान आमच्या भाषेत करते आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. पण इथं दुधाचा असा कॅन कुणी बघितलेला नाही. आम्ही काट्यावर बटाटे घालतो. चित्रात कॅनऐवजी बटाट्यांचं पोतं काढलं तर चालेल का, की मूळ चित्राला हात लावायचा नसतो?

भालचंद्रांनी पत्र दोनदा वाचलं. 'आपली सूचना मिळाली,' त्यांनी लिहिलं. 'पोतं चालेल. भरलेलं काढा. आणि काही झालं तरी काट्यावरून उतरवू नका.'

खाली त्यांनी पूर्ण नाव लिहिलं आणि ते चहा टाकायला उठले.